ठोकळा जवळ घे

शुभा : बघा ना बाबा! हे लाटणं म्हणजे टेकू, धोपटणं म्हणजे तरफ. या टोकावर वरवंटा. लाटणं वरवंट्याजवळ असलं की एका बोटानं उचलला जातो. आता लांब सरकवते... बघा, दोन्ही हात लावले तरी जड!

दत्ताराम : पुरे झालं गो. उचल ते सगळं.

शुभा : उद्या अख्ख्या नववी ‘ब’समोर करून दाखवायचंय. तुम्ही कारखान्यात पहारीनं मशीन उचलता ना? मग सांगा की नीट.

सुगंधा : शुभा, नको छळूस त्यांना. अपघाताला महिना नाही झाला अजून.

शुभा : शिवदासकाकांच्या? तेव्हाही पहारच होती, बाबा?

दत्ताराम : होती. माझ्या हातात. शिवदास मशीनखाली पाईप सरकवत होता.

शुभा : आणि टेकू?

दत्ताराम : लाकडाचा ठोकळा. मशीनपासून लांब होता. तो म्हणाला, "दत्ता, ठोकळा जवळ घे." मी म्हटलं, तू पाईप घाल रे, मी धरतो. नाय धरवलं माका. मशीन त्याच्या पायावर बसलं.

शुभा : पण कंपनीच्या कागदात आहे, काकांनी इशाऱ्याची वाट न बघता पाय आत घातला. त्यांच्या मीरानं सांगितलं. खाली तुमची सही आहे म्हणाली. तेव्हापासून ती माझ्या बाकावर बसत नाही.

सुगंधा : गप बस! संपात गिरणी गेली, दीड वर्ष घरी बसले, तेव्हा कुठे मरोळच्या या कारखान्यात चिकटले. साहेबानं कागद पुढे केल्यावर काय करणार होते ते?

शुभा : न वाचताच सही केलीत, बाबा?

दत्ताराम : वाचला गो. दोनदा वाचला.

शुभा : आणि त्यावरून काकांना कामावरून काढलं?

दत्ताराम : हो.

(दत्ताराम खुंटीवरचा शर्ट काढतो.)

सुगंधा : कुठे निघालात?

दत्ताराम : जोगेश्वरीला. शिवदासाकडे. उद्या साहेबाला लिहून देतो, चूक माझी होती म्हणून. पण आधी त्याला सांगायला हवं.

सुगंधा : तुम्हालाही काढलं तर?

दत्ताराम : काढतील.

सुगंधा : ...दार मीराची आई उघडेल. विचारेल, इतके दिवस फिरकला का नाहीत. काय सांगाल तिला?

दत्ताराम : भ्यालो होतो, म्हणून सांगेन.