मापाऱ्याला हाक मारू नये

सन्माननीय अध्यक्ष नीळकंठराव, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे एकेकाळचे वरिष्ठ नंदकिशोरजी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि बालाघाटच्या, तसेच लांजी-किरनापूरहून आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्या आधी माणिकराव फार रसाळ बोलले. ते म्हणाले, "डोमाजीने टेप मध्येच काढली, मशीनने दम तोडला, आणि साहेबांनी संगणक वाचवला." या वाक्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. 'दम तोडला' हे मराठीही नव्हे. पण ते राहू द्या.

त्या संगणक केंद्रात मी अकरा वर्षे प्रोग्राम लिहिले, म्हणून नीट सांगतो. ज्या मूळ प्रोग्रामवर संगणक चालतो त्याला आम्ही गाभा म्हणत असू. एखादा प्रोग्राम कोसळला, की गाभा त्याची सारी स्मृती टेपवर उतरवून घेतो. तो त्या मृत्यूचा पंचनामाच. त्यावरून कारण कळते. त्याला सहा-सात मिनिटे लागत आणि तेवढा वेळ पडदा निश्चल असे.

ऑगस्टमध्ये पुराच्या अंदाजाचा प्रोग्राम कोसळला आणि टेपवर निम्माच पंचनामा निघाला. टेप लावण्या-काढण्याच्या कामावर होते हट्टा गावचे डोमाजी. साहेब, म्हणजे आपले नंदकिशोरजी, गरजले, "तूच काढली टेप!"

"मी हात बी नाही लावला, साहेब. थे लिहून राह्यलं होतं, तवा कोणंतरी त्याले हाक मारली. आमच्या खळ्यावर धान मोजतानी मापाऱ्याले कोणी हाक मारत नाही. मारली तं माप तुटते."

"हे खळं नाही डोमाजी, कॉम्प्युटर सेंटर आहे!"

सारे हसले. मीही हसलो, हे येथे नमूद करतो. दोन दिवसांत डोमाजींना काढून टाकले.

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी गाभा उघडून ओळीन् ओळ तपासली. काय आढळले? पंचनामा चालू असता कोणताही संकेत आला, अगदी कुणी 'थांब'ची कळ दाबली, तरी गाभा लेखन सोडून तिकडे धावे आणि निम्मा पंचनामा पुरा समजून तेथेच बंद करी. मी नियम बदलला. मापारी मोजत असता आलेल्या हाकांनी दाराशी उभे राहावे; हाक कोठून आली ते टिपले जावे. केवळ अखेरच्या मरणाज्ञेने, म्हणजे सारे तत्काळ बंद करण्याच्या हुकमाने, लेखन थांबावे, आणि तसे झाले तर टेपवर 'अपूर्ण' असा शेरा पडावा.

डिसेंबरात तोच प्रोग्राम पुन्हा कोसळला. पंचनामा अखेरपर्यंत उतरला. दाराशी तीन हाका तिष्ठत होत्या. कोठून आल्या होत्या? साहेबांच्या केबिनमधून. डोमाजी तेव्हा हट्ट्याच्या खळ्यावर होते.

मी त्या नोंदीचा कागद समोर ठेवला. साहेब म्हणाले, "अहो, पडदा हलेना म्हणून कळ दाबली. ऑगस्टमध्येही दाबली होती. त्यात काय एवढं?" कागद त्यांच्या खणात गेला. माझी दुरुस्ती त्यांच्या नावाने मुख्यालयात गेली. मी गप्प राहून नोकरी सांभाळली. गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो.

खणात गेली ती नक्कल होती. मूळ प्रत ही पाहा. अध्यक्षमहाराज, ती आपल्या हाती देतो. नंदकिशोरजी, उठू नका, बसा. मापारी मोजतो आहे.

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचा ऋणी आहे. त्यांनी विषय विचारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. बोलण्यात एखादा शब्द कठोर गेला असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावा. तारखांना मात्र ती सवलत नको. मानपत्रातील तारखा अशा वाचाव्यात:

३ ऑगस्ट १९७६. टेप कोणीही काढली नाही. कळ नंदकिशोरजींनी दाबली.

५ ऑगस्ट १९७६. मानपत्र म्हणते, केंद्रात शिस्त आली. त्या दिवशी एका निरपराध माणसाची नोकरी गेली.

१९ नोव्हेंबर १९७६. दुरुस्ती पूर्ण झाली. मानपत्रात दुरुस्तीची म्हणून दिलेली २६ जानेवारी हा केवळ हार घालून घेण्याचा दिवस.

११ फेब्रुवारी १९७९, म्हणजे आज. ही तारीख मानपत्रात नाही, लिहून घ्यावी. डोमाजी, मीच तुम्हाला बसने येथे आणले आहे. मागच्या रांगेत उभे राहा, म्हणजे दुरुस्ती कोणाची होती ते सभेला दिसेल.