वाळूवरची होडी

अध्यक्षस्थानी असलेले आमच्या गावचे प्रमुख नाना क्वेगिर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांच्या संघाच्या सभासद, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आराबा मावशी, आणि मंगळवार म्हणून होड्या वाळूवर ओढून इथे आलेल्या माझ्या बांधवांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जाळी विणणारा माणूस. कुठे थांबायचं ते मला गाठ बसल्यावरच कळतं.

आपल्या किल्ल्यात गुलामांच्या व्यापारावरचे किती चित्रपट झाले? मला सात आठवतात. दिग्दर्शक बदलले, कैदी आपणच राहिलो. आणि कैदी गोळा करायच्या मावशी. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांचे यजमान किल्ल्याच्या तळघरात काम करून घरी आले आणि तीन दिवस नावानं हाक मारली तरी ओ देईनात. तेव्हापासून मावशींनी एक रीत घातली. दृश्य संपलं की साखळ्या सोडण्याआधी त्या एकेकाचं नाव घेत. कुणाचा, कुठल्या घरचा, सगळं. त्यानं ‘आहे’ म्हटल्याशिवाय कडी निघत नसे.

एक दिग्दर्शक वैतागून म्हणाले, “बाई, साखळी रबराची आहे.”

मावशी म्हणाल्या, “साखळी असेल. मनगट नाही.”

आम्ही दुःखी असायचो असं समजू नका. दुपारी आंबवलेल्या मक्याचं केंके आणि तळलेली मासळी आली की गळ्यात कडं घालून आमच्यातला फिफी ओरडायचा, “चटणी इकडे द्या, कैद्याला उठता येत नाही!” मावशी म्हणायच्या, “कैदी ना तू? मग उरलेली मिळेल.”

आता माझी गोष्ट. बावीस वर्षांपूर्वीचा असाच एक मंगळवार. दिग्दर्शकांना जहाजाकडे जाणारी होडी हवी होती. मंगळवारी समुद्र विश्रांती घेतो, आपली होडी पाण्याला लागत नाही, हे नानांच्या वडिलांनी त्यांना शांतपणे सांगितलं. मग होडी वाळूवरच ठेवली. सहा जण ती खालून हलवत होते. कॅमेऱ्यात फक्त आम्ही अडतीस माणसं आणि आभाळ.

त्या अडतीस नावांत माझं नाव नव्हतं. माझ्या जुळ्या भावाचं होतं, पान्यिनचं. तो बघा, तिसऱ्या रांगेत, हसतोय. त्याला त्या सकाळी ताप भरला. त्याचा चेहरा आधीच्या दृश्यांत येऊन गेला होता. आमची आई एकुवा म्हणाली, “चेहरा एकच आहे, तू जा.” मी गेलो. कुणाला सांगितलं नाही.

मी होडीत उताणा पडलो होतो. आभाळ डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं. खाली वाळू आहे हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळानं ते ठाऊक असणं मागे राहिलं, किनारा मागे राहतो तसं. शेजारचा माणूस फिफी होता, पण त्याला काय म्हणायचं ते मला आठवेना. एक पांढरा पक्षी आमच्यावरून गेला. तो गावाकडे चालला होता. आम्ही दुसरीकडे.

मग मावशींचा आवाज आला. नावं येत गेली, माणसं उठत गेली. माझ्यापाशी आवाज आला, “पान्यिन क्वान्सा, एकुवाचा थोरला!”

मी म्हटलं, “आहे.”

कडी निघाली. अडतीस नावं, अडतीस उत्तरं. मावशींची काय चूक?

पुढे चित्रपट याच सभागृहात चादरीवर दाखवला. लाटांचा आवाज मागाहून घातलेला. होडी चार श्वासांपुरती दिसली. पान्यिन ओरडला, “तो बघा मी!” आजही तो स्वतःच्या बायकोला तेच सांगतो. सांगू दे. उत्तर त्याच्या नावानं दिलं गेलं, तो केव्हाच घरी आला.

मी आलो नाही. बावीस वर्षांत मी लाटेपलीकडे गेलेलो नाही. लोक म्हणतात, काक्राबा आळशी आहे, सावलीत बसून जाळी विणतो. खरं सांगू? पाण्यात पाय घातला की आभाळ झुकतं. दुपारी डोळा लागला तरी मी त्या होडीत असतो. बाकीचे सगळे उतरून गेलेले असतात.

हे आजवर बोललो नाही, कारण मावशींना लागलं असतं. पण आजपासून त्या हे काम सोडताहेत. उद्या मी कुणाकडे जाऊ?

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, संघानं सभागृह दिलं, नानांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. सत्काराच्या दिवशी स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन उभा राहिलो, हे रीतीला धरून नसेल तर धाकटा समजून पदरात घ्या.

मावशी, एक नाव राहिलंय. उठू नका, बसूनच घ्या.

(आराबा मावशी उठून उभ्या राहिल्या: “गाढवा, बावीस वर्षं? काक्राबा क्वान्सा! एकुवाचा धाकटा, विहिरीजवळच्या घरचा!”)

आहे.

आहे, मावशी.