केसाएवढी फट

पोस्टमन : किक हलकी झाली म्हणजे बरंच की, काका! गुडघ्याला आराम. तक्रार एकच, टपालाच्या पिशव्या घेऊन चढावर गेलो की गाडी दम टाकते.

सासरे : किक हलकी होते ती आतली हवा कुठूनतरी पळते म्हणून. सूनबाई, प्लग काढ, चमचाभर ऑईल आत सोड आणि किक मारून बघ.

सून : तश्शीच हलकी आहे, बाबा.

सासरे : पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑईलने जड झाली असती. पिस्टन वर आण. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत ना? आता प्लगच्या भोकातून हवा भर आणि सायलेन्सरला कान लाव.

सून : फुसफुसतंय.

पोस्टमन : बघू, बघू. अरे बापरे! साप बसलाय की काय आत?

सासरे : साप परवडला. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळलाय.

पोस्टमन : जळला? दोन महिन्यांपूर्वी तर वहिनींनी गाडी कशी शांत करून दिली! आधी नुसती टिकटिक. आता पहाटे निघालो तरी पाळण्यातली पोरगी कूस बदलत नाही. गावभर सांगत सुटलोय मी.

सासरे : व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटला फट किती ठेवली होतीस?

सून : इंजिनचं हेड उघडते आधी. मग बोलू.

(दोन तासांनंतर. हेड उघडून बाकड्यावर ठेवलेलं.)

सासरे : दिवा मागच्या बाजूने धर. काय दिसतं?

सून : कोर दिसतेय उजेडाची. व्हॉल्व्हच्या कडेला.

सासरे : तिथून आग जात होती. काढ बाहेर. हे बघ, कड खाल्लीय.

पोस्टमन : नखाएवढा तुकडा! आणि एवढ्यासाठी गाडी चढेना?

सासरे : तू चाळीसने चाललास ना, की हा सेकंदाला वीस-बावीस वेळा उघडतो आणि मिटतो. उघडला की जाळाच्या झोतात उभा, निखाऱ्यासारखा लाल. गार होतो तो मिटून हेडमधल्या सीटवर, आपल्या बैठकीवर, टेकला की. पापणी लवायच्या आत अंगातली धग हेडला देऊन टाकायची, की पुन्हा जाळात.

पोस्टमन : आणि हे किती वर्षं?

सासरे : तुझ्या वडिलांनी नवी कोरी आणली होती ही गाडी. एकोणतीस वर्षं झाली. व्हॉल्व्ह तोच.

सून : थांबा हं. रोजचे दोन तास धरले तरी... बाबा, शंभर कोटींच्या वर जातंय.

पोस्टमन : शंभर कोटी वेळा? काका, हात लावू का जरा?

सासरे : लाव की.

पोस्टमन : आणि मी वर बसून शिट्ट्या मारत हिंडतोय.

सासरे : एकोणतीस वर्षं पुरला. आणि दोन महिन्यांत गेला.

सून : मी घालवला. केसाएवढी फट लागते त्याला. तापला की दांडा वाढतो, त्याला जागा नको? टिकटिक त्या फटीचीच होती. मी ती बुजवली. पुरता मिटूच दिला नाही त्याला.

पोस्टमन : पण वहिनी, शांत करा म्हणून मीच तर मागे लागलो होतो.

सून : तुम्ही काहीही मागाल. फट मोजायची पत्ती माझ्या हातात होती.

सासरे : इंजिन गार असताना मोजायचं. पत्ती जराशी अडखळत सरकली पाहिजे. आणि एकदा मोजून भागत नाही. जुना व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत जातो, फट आपोआप कमी होते. गाडी शांत झाली की माणसं खूष होतात. आपण तिथे घाबरायचं. नवा व्हॉल्व्ह घासून बसवू, उद्या टपाल निघेल.

सून : बाबा, याच्याशिवाय अकरा गाड्या शांत केल्यात मी. लोक त्याचसाठी यायला लागलेत. हे परवा म्हणाले, गॅरेज आता तुझ्या नावावर चालतंय.

सासरे : त्याला गाडी स्टँडवर लावता येत नाही. त्याचं काय सांगतेस मला!

सून : गाड्या परत बोलावल्या तर म्हणतील, सुनेच्या हातात दिलं आणि वाटोळं झालं.

सासरे : म्हणतील.

सून : तुम्ही करता फोन? तुमचं ऐकतील.

सासरे : किल्ल्या कोणाकडे आहेत गॅरेजच्या?

पोस्टमन : वहिनी, त्यातली एक माझ्या मेव्हण्याची. मीच पाठवला होता त्याला. आज माल घेऊन डोंगरापलीकडे निघालाय.

सून : नंबर सांगा त्यांचा. हॅलो, गॅरेजमधून बोलतेय. चढ लागला का? नाही ना अजून? गाडीचा आवाज येत नाही, हो, माहितीये. म्हणूनच फोन केला. आहात तिथेच थांबवा, इंजिन गार होऊ द्या. नाही हो, गाडी चांगली आहे. चूक माझी आहे. मी येते तिकडे.

सासरे : पत्ती घे. चालव तू, मी मागे बसतो.