भोंग्यावर गेलेली प्रार्थना

सलाम, मंडळी. मागे बसलेल्यांनी थोडं पुढे सरका. पुढच्या सतरंज्या रिकाम्या आणि दारापाशी गर्दी — आपल्या लोकांना देवाच्या घरातसुद्धा चपलेजवळचीच जागा आवडते!

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. दुसऱ्याचं दुःख देवाला सांगायचं असेल, तर त्या माणसाची परवानगी लागते का?

लगेच माना हलल्या! 'छे, प्रार्थनेला कसली परवानगी?' मीही असंच म्हणायचो. वीस वर्षं म्हणत होतो. मग एका शुक्रवारी जे घडलं, ते ऐका.

सोलापूरकडची एक वस्ती. तिला आपण मुरूमखाण म्हणू. खरं नाव दुसरं आहे. मी त्या भागात पाच मंडळ्यांचा पाळक होतो. त्यांतली ही कुठली, ते विचारू नका. आख्यानातल्या बाईचं नाव सोजर — तेही बदललेलं, आणि बाकीची नावंही. तिला विचारून सांगतोय बरं का! ती म्हणाली, "सांगा की पाळकसाहेब. नाव नको, गाव नको. पण माझी भाकरी आठ दिवस कडक राहायची, तेवढं मात्र सांगा." सांगितलं!

तर ही सोजर. वय एकतीस, नवरा वारलेला. महानंदाबाईंच्या भाकरी केंद्रात कामाला. ज्वारीची भाकरी — पातळ, कागदासारखी, वाळवून कडक केलेली. दिवसाला दोनशे थापायची. बाया म्हणायच्या, सोजरेच्या हाताला देवाने परातच लावून दिलीय.

आणि सोजरेला एचआयव्ही होता. नवऱ्याकडून आलेला. सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरमधून महिन्याची डबी आणायची, रोज ठरल्या वेळी एक गोळी घ्यायची. गोळी चालू तर माणूस चालू. चुकवली, की आजार वर डोकं काढतो. एवढं सोपं, आणि एवढंच अवघड.

आमच्या चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी अशी नऊ माणसं जमायची. चहा व्हायचा, बोलणं व्हायचं, आणि प्रत्येकाच्या डबीतल्या गोळ्या मोजल्या जायच्या — कुणाची चुकली, कुणाची संपत आली ते कळायला. हे सगळं बघायच्या तबीथाबाई रणनवरे. सत्तर वर्षांच्या, मिशन दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. कुणी ओकलं, त्या पुसणार. कुणी रडलं, त्या ओरडणार, "रड, पण चहा गार करू नको!" खोलीचा नियम त्यांनीच घातलेला: इथलं इथेच.

त्या गुरुवारी सोजरेच्या डबीत सहा गोळ्या होत्या. म्हणजे त्या रात्रीची धरून शेवटची येत्या मंगळवारी. आणि पंधरा दिवसांपासून तिला रोज संध्याकाळी ताप. तबीथाबाईंचा जीव खालीवर!

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची प्रार्थनासभा. आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे, तुमचीही तीच आहे. ज्याच्या मनात ओझं, त्याने उठावं, माईक धरावा, नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून छपरावर भोंगा. भोंगा कुणी बसवला? मी! मोठ्या हौसेने बसवला. तोंड वस्तीकडे करून बसवला!

तबीथाबाई उठल्या. डोळे मिटले. डोळ्यांतून धारा. "प्रभू, आमच्या सोजरेवर दया कर! तिचा ताप उतरव! ती एआरटीची गोळी तिच्या अंगाला लागू दे, बापा! तो एचआयव्ही तिच्या रक्तातून उपटून काढ!"

आणि चाळीस माणसं म्हणाली — आमेन! त्यांत मीही होतो. माझाच आवाज सगळ्यांत मोठा.

सांगा मला, या प्रार्थनेत खोटं काय होतं? काही नाही. प्रेम कमी होतं? मुळीच नाही! त्या बाईने त्या दिवशी उपास धरला होता. सोजर मात्र तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने डोळे उघडले, पदर सावरला आणि उठून गेली. आम्हाला वाटलं, तापाने बरं वाटत नसेल.

शनिवारी सोजर केंद्रावर गेली. महानंदाबाई दारातच उभ्या.

"सोजर, परात राहू दे आज."

"का, बाई?"

"गिऱ्हाईक विचारतंय. मला कळतं गं, हाताने काही होत नसतं. पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार? थोडे दिवस घरी राहा."

भाकरीने एचआयव्ही होत नाही, मंडळी. शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. हे त्या बाईला ठाऊक होतं! तिने तरीही परात काढून घेतली.

रविवारी उपासना संपल्यावर तबीथाबाई सोजरेच्या खोलीवर गेल्या. कडी आतून.

"सोजर, दार उघड. चुकलं माझं."

आतून आवाज आला, "मावशी, देवाला माझा पत्ता ठाऊक नव्हता का? भोंगा कशाला लावला?"

मी असतो तर एक प्रवचन दिलं असतं. बाई म्हणाल्या, "गोळ्या संपतायत तुझ्या."

"संपू देत. मी नाही जायची. सेंटरबाहेरच्या त्या बाकावर बसलं की अख्खं गाव बघतं."

"मग मी बसते उद्या. मला बघू दे गावाला. तू आलीस तर तुझी जागा धरलेली असेल."

"तुम्ही जावा, मावशी."

बाई तिथून तडक माझ्याकडे. "पाळकसाहेब, येत्या शुक्रवारी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागते."

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर? म्हणजे तिचं नाव पुन्हा भोंग्यावर?"

बाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना शहाणपण शिकवत होतो, पण मंडळी, तो भोंगा अजून छपरावरच होता! त्याच दुपारी शिडी लावली आणि उतरवला. दोन दिवस उशिरा.

(पेटी धरा, दादा. ओवी साधीच आहे, मंडळी, माझ्या मागून म्हणा.)

झाकिले ते दुःख देखे माझा स्वामी ।
पिटावा का आम्ही डांगोरा तो ॥

प्रभूने किती जणांना बरं केलं! आणि बरं करून वर काय बजावलं? कुणाला सांगू नको! बरं करणारा स्वतः तोंड मिटून राहतो, आणि आपण? प्रार्थनेच्या नावाखाली बातमीपत्र चालवतो!

सोमवार. सकाळी आठ वाजता तबीथाबाई एआरटी सेंटरच्या बाकावर. शेजारी रुमाल टाकून जागा धरलेली. नऊ वाजले, दहा वाजले. सोजर नाही. अकराला आमच्याच मंडळीतल्या सत्यवतीबाई समोरून आल्या. बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या. त्यांनी बाईंना पाहिलं, मग दारावरची पाटी वाचली, मग पुन्हा बाईंना पाहिलं.

"अगं बाई! तबीथाबाई? तुम्ही इथं?"

आता इथे थांबा जरा. एक वाक्य पुरलं असतं — 'माझं काही नाही हो, सोजरेसाठी बसलेय.' खरं होतं ते! जिभेच्या टोकावर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

"काम होतं," त्या म्हणाल्या.

"इथं? इथं कसलं काम?"

"माझं काम."

सत्यवतीबाई गेल्या. बीपी नक्की वाढलेलं घेऊन गेल्या! भोंगा नसताना बातमी किती पळते? दुपारी बाई घरी पोचायच्या आत मुरूमखाणीत पोचली. तबीथाबाईलाही तोच रोग! आणि या वयात!

संध्याकाळी त्यांचा मुलगा दिलासा समोर येऊन बसला. रिक्षा चालवणारा, चाळिशीचा माणूस.

"आई, लोक काय म्हणतायत? खरं सांग."

"दवाखान्यात गेले होते."

"कशाला?"

"दिलासा, ते विचारू नको. मी धड आहे. एवढ्यावर विश्वास ठेवायचा तर ठेव."

सुनेने रात्री सासूचा पेला तेवढा वेगळा विसळला. मंडळी, तीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांचे असे वेगळे ठेवलेले पेले पाहिले होते. स्वतःचा पहिल्यांदा पाहिला.

मंगळवारी सकाळी सोजर तोंड बांधून नळावर गेली. बायांच्यात तीच चर्चा. एक म्हणाली, "म्हणून तर ती म्हातारी त्या लोकांची एवढी सेवा करते!" दुसरी म्हणाली, "सत्यवतीने तोंडावर विचारलं. तर म्हणे, माझं काम!"

सोजरेने घागर तशीच नळाखाली सोडली.

साडेदहाला ती सेंटरच्या बाकाजवळ येऊन उभी राहिली; बाई आजही शेजारी रुमाल टाकून बसलेल्या. हातात दवाखान्याचं हिरवं पुस्तक, अंगात ताप.

"मावशी, सरका."

बाईंनी रुमाल उचलला. सोजर बसली. समोरून माणसं जात-येत होती, बघतही होती.

"लोक तुमच्याबद्दल नको ते बोलतायत," सोजर म्हणाली.

"या वयात कुणी माझ्याबद्दल असलं काही बोलतंय, हेच लई झालं!"

सोजर हसली. मग तिचं हसू थांबलं. "सांगून का नाही टाकलं त्यांना?"

"काय सांगू? मला मोकळं व्हायचं तर तुला पुढे करावं लागत होतं. एकदा केलं की तसं."

डॉक्टरांनी तपासलं. ताप टीबीचा निघाला. वेळेवर सापडला, औषध सुरू झालं. एक दिवसही गोळी चुकली नाही. महानंदाबाईंनी परात परत दिली का? नाही. खोटं कशाला सांगू? सोजर आता स्वतःच्या चुलीवर थापते. पहिल्या महिन्यात चारच घरं घ्यायची, आज अठरा घेतात. ताप उतरला, वजन वाढलं. तबीथाबाईंबद्दलची कुजबुज मात्र त्या वारल्या तोवर थांबली नाही. त्यांनी ती कधी खोडली नाही. खरं सांगायची परवानगी सोजरेने दिली ती त्यांना मातीत ठेवून आल्यावर. तेव्हा त्यांच्या मुलाला खरं कळलं. तो तसाच उठून पुन्हा कबरीपाशी गेला.

आता आपल्याकडे येऊ. लांब नाही जायचं.

हे ऐकताना तुमच्यापैकी कितीजणांच्या मनात आलं — ही सोजर कोण असेल? आमच्या मंडळीत आहे का? ती परवा बारीक झालेली, ती तर नव्हे? आलं ना? दोन-तीन माना वळलेल्या मी इथून पाहिल्या!

नका वळवू. याच सतरंजीवर कुणीतरी असं बसलं असेल, की अर्धा तास झाला, त्याचा श्वास अडकलाय — साहेब माझंच सांगतायत का म्हणून. त्याच्यासाठी आता प्रार्थना करा. नाव न घेता, ओठ न हलवता. देवाला कळतंय.

आणि उद्या सकाळी तुमच्या शहरातल्या त्या बाकावर कुणीतरी एकटं बसलेलं असेल. जा. शेजारी बसा. ओळखीचा कुणी समोर येईल, थांबेल, पाटी वाचेल आणि विचारेल, "तुम्ही इथं?"

काय सांगाल, ते आत्ताच ठरवा. मला नका सांगू.