कुंडलिकचा कट्टा

बांधू की, कोन नको म्हनतंय... दारात कट्टा असावा, मला बी कळतंय! पन आमची ही सकाळपासनं एकच धरून बसलीय, समोरच्या कुंडलिकनं बांधला अगदी तस्साच पायजे. तस्साच म्हनं! आवं, त्या कट्ट्यापायी तो माणूस सोताच्या घरात शिरताना खाकरतोय. चोर कदी खाकरतो व्हय? न्हाय ना? आन् हितं मालक खाकरतोय!

तुमाला सांगतो, कुंडलिकचा सगळा जल्म गिरनीत मागापाशी उभ्यानं गेला. मिसरूड फुटायच्या आदी लागला, तो गुडघं गेल्यावरच सुटला. मागावर डोळा ठेवून उभं ऱ्हायचं, धागा तुटला की जोडायचा, जरा टेकला की जॉबर, म्हंजे मागावरचा मुकादम, अंगावर यायचा. मग गिरनी सोडल्यावर त्यानं देवाकडं काय मागावं? सोनं न्हाय, रान न्हाय. मला म्हनला, "रुद्रप्पा, दारात कट्टा बांधतो. सांजच्याला गिरनीचा भोंगा झाला की आपली माणसं रस्त्यानं जातील, हाक मारीन, ये रं, बस म्हनीन. बसायला जागा पायजे, दुसरं काय न्हाय."

बोलावला पीरसाब गवंड्याला. त्यानं दाराम्होरं काठीनं रेघ मारली. खाली दगडमाती, वर शहाबादी फरशी, तीन-चार गडी पाय सोडून बसतील, झालं काम. तितंच थांबायचं का न्हाय? पन कुंडलिक पडला भला माणूस. म्हनला, घरात इचारतो... इचारतो! आरं बाबा, इचारून कुनाचं भलं झालंय?

मथुराबाई, त्याची बायकू, आतनंच म्हनली, मला मेलीला काय कळतंय, तुमी कराल ते खरं. बाई असं म्हनली की समजायचं, काम लई मोठं निघालं. मग हळूच, कोपऱ्यात उखळ तेवढं बसवा, शेंगाची चटनी कुटायला बरं पडंल. बसवलं. पापड वाळवायचं तर रुंद पायजे. केला रुंद. तेवढ्यात शेजारची गौरम्मा काठी टेकत आली, तिला पायरी चढवंना, म्हनून ठेंगनी पायरी झाली, तिला पाठ टेकायला उतरती भित झाली, तिच्या डोक्याला ऊन लागतंय म्हनून वर पत्रा झाला. मी म्हनलं, कुंडलिक, हे कुनाच्या दारातलं काम चाललंय? तर हसला नुस्ता.

शेवटी मथुराबाई म्हनली, रस्त्यानं जानाऱ्या-येनाऱ्याची नजर पडते, म्होरनं आडभित घाला, बसल्याली माणसं दिसू ने एवढी. तवा पीरसाबनं हातातली थापी खाली ठेवली. म्हनला, "अन्ना, आडभित घातली तर तुला रस्ता दिसनार न्हाय. हितं बसनार कोन?"

"मीच की," कुंडलिक म्हनला. "बसायला जागा पायजे, दुसरं काय न्हाय."

घातली आडभित!

नारळ फुटला. सांजच्याला गड्यानं आंगूळ केली, धुतल्यालं धोतर नेसला, तमाकूची चंची घेतली, आन् नवरदेवावानी भाईर आला. बघतो तर काय... गौरम्मा पाठ टेकून बसलीय, आन् तिच्याभवती आळीतल्या सगळ्या बायका शेंगा फोडत्यात! कुंडलिक खाकरला. बायकांनी पदर वढलं, बोलनं बंद, सगळ्यांची तोंडं भितीकडं. आता आमच्या आळीची रीत तुमाला ठावं हाय, बायका बसल्यात तितं बाप्यानं टेकायचं न्हाय. टेकला तर त्या उठनार, आन् गौरम्माला कोन उठवनार? मथुराबाई आतनं म्हनली, "अवं, बायका बसल्यात, जरा चक्कर मारून या की."

गेला बिचारा चक्कर मारायला. दुसऱ्या दिशी उखळात मिरची, सगळी आळी शिंकतीया. मग कुरडया. मग वाकळा शिवायला काढल्या. मग कुनाची तरी बाळंतीन लेक अंग शेकायला आनून बसवली, आता तिला उठ म्हनायचं का? त्यांचं बी खरं, बायकांना तरी जल्मात बसायला जागा कुनी बांधली हुती? पन म्हनून ह्यानं कुटं जायाचं?

एक दिवस दुपारी कट्टा मोकळा गावला. कुंडलिक बसला! पाठ टेकली, पाय पसरलं, डोळं मिटलं. पायरीपुरती आडभितीत वाट सोडली हुती, तितनं मी बघत हुतो, मला सोताला बरं वाटलं बगा. आन् कुंडलिक डोळं उघडून बघतो तर त्याच वाटंतनं दिसली, रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची सून उभी. डोक्यावर दोन घागरी, पायाखाली तापल्याला रस्ता. सासरा दारात बसलाय, त्याच्याम्होरनं पोरीनं जावं कसं? उभीच. किती येळ उभी हुती कुनाला ठावं. कुंडलिकनं चंची उचलली, पायरी उतरला, आन् तिच्याकडं न बघता तरातरा निघून गेला. पुन्हा त्या कट्ट्यावर टेकला न्हाय. उभं ऱ्हायचं म्हंजे काय, त्याला कुनी सांगाय पायजे व्हय?

आता भोंगा झाला की रस्त्यापल्याडच्या कडूलिंबाखाली उभा असतो, सोताच्याच आडभितीकडं तोंड करून. मी म्हनलं, माझ्या दारात बस. तर म्हनतो, "तुझी सून पान्याला जात न्हाय व्हय?" परवा गिरनीतल्या जुन्या गड्यानं इचारलं, आरं, एवढा कट्टा बांधलास म्हनं, बसत का न्हाईस? कुंडलिक म्हनला, "बसायची सवय न्हाय रं."

हे सगळं सकाळी मी आमच्या हिला सांगितलं. पयल्यापासनं, एक शबूद न गाळता. तिनं पुरं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला, आन् म्हनली, म्हंजे पत्रा पायजेच.

उद्या पीरसाब येतोय. असू द्या... लिंबाची सावली मोठी हाय, दोघं उभं ऱ्हातो.