मशीनचं तोंड परत बसवलं

हॅलो?… हां, बोल आक्का, मनिषाच बोलायलेय. हाय की, जिंतूरलाच, बँकेत… कामून गं, आवाज असा का येऊलाय? रडायलीस का?

दंड? कसला दंड?… थांब, थांब. सकाळी परभणीला गेलतीस… हां… स्टेशनाजवळच्या मशीनवर… पैसे निघाले… मग? तोंड हातात आलं? कार्ड घालायचं तोंड?… अगं, त्यासाठी कुणी दंड लावत न्हाई! येडी का काय, पोलीस कशाला येतेत तुझ्या दारात?

एक मिनिट. मोडलं, का नुसतं सुटून आलं?… चिकटवलेलं होतं. आतून बारीक तारा… आक्का, मग तू काय केलंस त्याचं?

परत बसवलंस?

न्हाई गं, ओरडत न्हाई मी. अगं ऐक ना… ते बँकेचं नव्हतंच. चोरायनं लावलेलं होतं. कार्ड आत जाता जाता काळ्या पट्टीवरचं सगळं उतरून घेतंय ते. अन् वर बारीक कॅमेरा असतोय, तुझी बोटं बघायला… आकडे दाबताना हात आडवा धरलतास का?… आत कुणीच नव्हतं, मग कुणापासून झाकायचं… हो, हो, तुझं बी खरंय.

ओ जीवनभाऊ! परभणीच्या शाखेला फोन लावा. स्टेशनाजवळचं मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा मनावं!

हां आक्का, हाय मी… बँकवाले तपासत कामून न्हाईत? हेच तर मी बोंबलायलेय! सायबाला लय डाव सांगितलं, तिथं माणूस ठेवा, रोज सकाळी ते तोंड हलवून बघा, वरून दुसरं काही चिकटूच नये असं झाकण मिळतंय ते बसवा… बघू, बघू करत बसले. आता बैल गेला अन् झोपा केला.

तुझं एकटीचंच कार्ड घातलतंस ना?…

पाच? वस्तीतल्या बायांची समदी?… हो, माहीत हाय, तुझ्यावर भरोसा हाय मनून देतेत. अन् नंबर?… समद्यांचा एकच? चौदा, शून्य, चार…

चौदा एप्रिल. जयंती आपण इसरत न्हाई, खरंय गं. पर आता चोर बी इसरायचा न्हाई.

रडू नको. कार्डं बंद करू आपण. तुझ्याच फोनवरून… काय वाजलं ते?… मेसेज? वाच. नीट वाच… चांगुणाकाकूच्या खात्यातून? तू तर गावात, चुडाव्यात बसलीस!

लागले ते कामाला, आक्का. मला लय भ्या वाटायलंय. कार्डं कुठं हायेत?… वाटली समद्यांना? मग पळ, काकूच्या घरापासून सुरू कर… त्यांच्याच ओसरीवर हायस? मग सांग की त्यांना!… कामून? पयलं नाव तुझंच येईल?… न्हाई गं, कोण मनंल तसं! दे, काकूकडं फोन दे. मी बँकेतली हाय, माझं ऐकतेत.

काकू, जयभीम. मनिषा बोलायलेय, सत्यशीलाची बहीण… मी बरी हाय. काकू, घाबरू नका, तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे… न्हाई, न्हाई! आक्कानं न्हाई! चोरायनं… कोण ते अजून ठाऊक न्हाई… हो, कार्ड आक्काकडंच होतं… हो, नंबर बी तिलाच ठाऊक… मेसेज… हो, तिच्याच फोनवर येतोय, तुमच्याकडं फोन न्हाई मनून तर… काकू, तसं न्हाई ते! आधी कार्ड घ्या हातात, मागं बँकेचा फोन नंबर…

परत वाजलं का?… कुणाचं?… बायनाबाईचं बी?

काकू, बायांना हाका कामून मारायलात?… काकू, फोन आक्काकडं द्या. बंद करायचंय, पाचही… तिला बोलू तर द्या… काकू?… आक्का?

हॅलो?… हॅलो?