पांढऱ्या पोटाचा बर्फ

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या एका दवाखान्याच्या ओट्यावर मी नंबराची वाट पाहत बसलो होतो. शेजारी जनका नावाची एक बाई तापानं फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा गोणपाटात बर्फ घेऊन आला.

"अवं, हे मधी पांढरं काय हाय? चुना घातला का काय बर्फवाल्यानं?"

"चुना काहून घालंल? डाक्टरनंच सांगितलं, कपाळावर बर्फ ठेवा म्हणून."

"कडंनं काचेवानी हाय अन् पोटात दुधावानी. पांढरं समदं फोडून टाका."

"टाकलं तर राहतं काय? पाणी होऊन राहिलं, जनका."

"वितळून लेकराच्या डोळ्यात चुना गेला म्हंजे?"

"मग तूच सांग, काय करू?"

"पांढराच खडा द्या मला. तंबाखूत रोज चुना खाते मी, जीभ लगेच सांगंल."

"आ कर बघू. भाजली का?"

"न्हाई. नुसतं फुटफुट करून राहिलं तोंडात, हवा निघाल्यावानी."

"अन् चव?"

"पाण्याचीच."

"मग ठेव की लवकर!"

"ठेवते. शेवंता, डोळे मिट, माय. अवं, हातानं ढकलून राहिली ही!"

"ढकलू दे. सकाळपासून हात तरी कुठं हलवला होता तिनं?"